म्हशीचा ब्रेक

वैशाख लागला की आमच्या गल्लीत मांडव पडतात. घाटकोपरच्या या टेकडीखाली माझा सगळा संसार झाला, पण हा एक महिना मला कधी मानवला नाही. उकाड्याची तक्रार नाही. घाम येतो, पुसायचा. मला नकोसा होतो तो वरातीचा आवाज. आता बँड गेले. टेम्पोवर कपाटाएवढे स्पीकर रचून आणतात आणि ते सुरू झाले की मांडणीवरचे पेले एकमेकांना लागून किणकिणतात. मुलगी म्हणते, आई, खिडकी लाव. मी लावत नाही. वरात पुढे जाईपर्यंत खिडकीशी उभी राहते आणि गाडीच्या चाकांकडे बघते. नवरदेव काळा की गोरा, कोण नाचतंय, मला काही दिसत नाही. चाकं थांबतात की नाही, एवढंच बघते. थांबली की आत येऊन भाजी चिरायला घेते.

आमच्याकडे एक गाडी होती. ऐंशीनंतरची गोष्ट. आमचे हे गिरणीत फिटर होते. गिरणी बंद पडली तेव्हा ह्यांच्याबरोबरचे कितीतरी लोक फाटकाकडे डोळे लावून बसले. ह्यांनी साकीनाक्याला एका पत्र्याच्या शेडमध्ये अर्धी जागा घेतली आणि लोकांच्या गाड्या उघडायला सुरुवात केली. उरलेल्या अर्ध्या जागेत एक बॅटरीवाला होता. माझा धाकटा दीर बाळा आमच्याच घरी वाढलेला. तो टेम्पो चालवायचा. दिसायला छान, बोलायला गोड, आणि कोणी काही समजावायला लागलं की अर्ध्यावरच "हो रे, कळलं" म्हणून मोकळा होणारा.

गाडी मुलुंडहून आली. एका बंगल्यातले म्हातारे डॉक्टर गेले, त्यांच्या बायकोला शेड रिकामी करून हवी होती. परदेशातून आलेली मोटार, बरीच वर्षं जागची हललेली नव्हती. मागच्या सीटवर कोंबड्या अंडी घालत होत्या. काळी, लांबलचक, रुंद नाकाची, वरचं कापडी छप्पर मागे दुमडता यायचं. टेम्पोला बांधून ओढत आणली तेव्हा चाळीतली पोरं मागे धावत होती. कोणीतरी ओरडलं, म्हैस आली. तेच नाव पडलं. ह्यांनी आणि बाळाने मिळून ती उभी केली आणि लग्नाला भाड्याने द्यायला लागले. मोगऱ्याच्या माळा सोडल्या, पुढे नारळ ठेवला की म्हैस अशी काही दिसायची की नवरदेवाकडे कोणी बघत नसे. पहिला हंगाम चांगला गेला. बाळाने पांढरा शर्ट आणि टोपी शिवून घेतली. आरशात बघून म्हणाला, "वहिनी, नवरा कोण आणि ड्रायव्हर कोण, पोरीकडचे फसतील बघ." मी म्हटलं, "तुझी नखं बघतील आणि बरोबर ओळखतील."

त्याचंही लग्न ठरलं होतं. दुसऱ्या हंगामाच्या शेवटी, वैशाखानंतरच्या ज्येष्ठातला मुहूर्त.

म्हशीचा ब्रेक मूळचा तेलाच्या दाबाचा होता. ब्रेक सगळ्याच गाड्यांना तेलाचा असतो, पण हिच्यात इंजिनावर एक पंप होता, तो दाब तयार करून एका लोखंडी गोळ्यात भरून ठेवायचा. त्यामुळे एवढी अवजड गाडी, पण पाय टेकवला की थांबायची. इंजिन बंद केलं तरी गोळ्यात दाब शिल्लक असायचा, बराच वेळ पुरायचा. वरातीत ते सोयीचं पडायचं. वैशाखात मुंगीच्या पावलाने चालणारी गाडी तापते, नाकातून वाफा काढते. म्हणून उतार आला की सगळे इंजिन बंद करत, गिअर काढत आणि गाडी नुसती ब्रेकवर सोडत. इंजिन निवायचं, पेट्रोल वाचायचं, पुढच्यांना धूर लागायचा नाही. बाळाने पहिला हंगाम तसाच काढला. त्याच्या पायाला ती सवय लागली.

दुसऱ्या हंगामाच्या तोंडावर पंप गेला. हे मुंबईभर हिंडले. असला पंप इथे कोणी पाहिलेलाही नव्हता. जुना उघडून बघितला तर आतून झिजून कागद झालेला. हंगाम तर डोक्यावर आलेला, तारखा दिलेल्या. मग ह्यांनी ठरवलं की तो पंप आणि गोळा दोन्ही काढून टाकायचे आणि हवेच्या ओढीवर चालणारा ब्रेक बसवायचा. त्याचा डबा कुर्ल्याच्या भंगारात मिळाला, कुठल्यातरी मोडीत गेलेल्या छोट्या ट्रकचा. जेवणाच्या ताटाएवढा गोल, काळा, पत्र्याचा डबा. मी विचारलं, ह्यात आहे काय? हे म्हणाले, काही नाही. मला वाटलं चेष्टा करतात. मग समजावून सांगितलं. लहानपणी आपण रिकामा पेला तोंडाला लावून आतली हवा ओढायचो, पेला ओठांना चिकटून बसायचा, आठवतं? तसं. डब्यात मध्ये रबराचा पडदा. एका बाजूची हवा इंजिन नळीने ओढून घेतं, दुसऱ्या बाजूला बाहेरची हवा येते आणि पडद्याला ढकलते. तुझ्या पायाला तेवढं बळ मिळतं. मी विचारलं, आणि इंजिन बंद असलं तर? म्हणाले, मग ओढणार कोण?

आता माझ्या नातवाच्या गाडीतही तसाच डबा आहे म्हणे. रस्त्यावरच्या निम्म्या गाड्यांत असतो. तेव्हाही कितीतरी गाड्यांत होता. हे मी मुद्दाम सांगते, कारण पुढे लोकांनी त्या डब्यालाच नावं ठेवली. डब्यात खोट नव्हती.

चैत्राचे शेवटचे दिवस होते. शेडचा पत्रा एवढा तापायचा की खाली उभं राहिलं तर डोक्याची कातडी आवळायची. दुपारी मी डबा घेऊन जायची. भाकरी, सुकट, कधी कुळथाची पिठी. हे गाडीखालून फक्त पाय दिसणारे. पाय ठेवायच्या जागेपुढचा पत्रा कापून नवीन भोक पाडलं. डबा बसवायला लोखंडी पट्टीचा आधार घरीच वाकवून केला. मग तो वेल्डिंगला नेला, आणला, पुन्हा नेला, कारण पेडलची दांडी केसभर तिरकी जात होती. बॅटरीवाला म्हणाला, "अरे चलता है दादा, कौन देखनेवाला है." हे म्हणाले, "पाय ठेवणाराक कळतला." महत्त्वाचं बोलायचं असलं की हे मालवणीत बोलायचे. एरवी मुंबईची भाषा. घरात मला रागावायचे तेही मुंबईच्या भाषेत, म्हणून मी मनावर घेत नसे.

ब्रेकचं काम झालं की नळ्यांतली हवा काढावी लागते. तेलात हवा राहिली तर पेडल स्पंजासारखं दबतं. त्याला दोन माणसं लागतात. एक आत बसून पेडल मारणार, दुसरा चाकाशी झोपून नट सैल करणार. त्या दिवशी बाळा टेम्पोवर गेला होता, म्हणून मला बसवलं. जन्मात पहिल्यांदा मी स्टेअरिंगमागे बसले. पदर खोचला, चपला काढल्या. सीटला अजून कोंबड्यांचा वास होता. खालून आवाज यायचा, "मार. अजून मार. आता धर." मी पाय रोवून धरायची. पायाखालचं पेडल हळूच आत जायचं, खाली बाटलीत तेलाबरोबर बुडबुडे यायचे. मग आवाज, "सोड." चारी चाकांना असंच. पाय भरून आला. मी म्हटलं, "माझी मजुरी कोण देणार?" खालून उत्तर आलं, "म्हैस दूध देईल तेव्हा."

संध्याकाळ व्हायच्या आधी बाळा आला. मी अजून सीटवरच होते. ह्यांनी हात पुसले आणि त्याला हाक मारली.

"बाळा, हय ये. आयक."

बाळा खिडकीत वाकला. ह्यांनी इंजिन थोडा वेळ चालवून बंद केलं आणि मला म्हणाले, आता पेडल मार. मी मारलं. मऊ गेलं. पुन्हा मारलं, गेलं. पुढच्या वेळी पेडल दगड झालं. पूर्ण जोर लावला तरी बोटभर हललं नाही. मला उठवून ह्यांनी बाळाला बसवलं. "आता तू." त्याने पाय दाबला आणि म्हणाला, "आयला." हे म्हणाले, पाय तसाच दाबून धर. आणि इंजिन चालू केलं. पेडल आपसूक खाली गेलं. बाळा हसायला लागला. "झकास रे दादा. कोणीतरी खालून पाय ओढल्यासारखं वाटलं."

"हसा नको. आयक. पयल्यासारखो गोळो आता नाय. इंजिन बंद करूचा नाय. उतारार तर मुळीच नाय. दोन-तीन खेपा पाय जातलो, मगे दगड. समाजला?"

"हो रे, कळलं."

"काय कळला, सांग."

"इंजिन बंद नाही करायचं. लहान आहे का मी? वहिनी, बघ ना गं, शाळा घेतोय."

हे असं झालं. मी तिथे होते, चपला हातात घेऊन उभी. बॅटरीवाला बाहेर रिक्षाची बॅटरी चढवत होता, त्याने काही ऐकलं नाही. ऐकणारी मी एकटी.

नवा ब्रेक लावल्यावर म्हैस चार-पाच वरातींना जाऊन आली. सगळं नीट. रस्ते सपाट होते. बाळाने इंजिन चालू ठेवलं होतं की नाही, ते मला माहीत नाही. सपाटीवर कोण विचारतो.

मग आमच्याच वस्तीतलं एक लग्न आलं. गोरज मुहूर्त. नवरदेव टेकडीवरच्या मारुतीला नमस्कार करून खालच्या हॉलवर जायचा होता. सगळी वाट उताराची. ओळखीचं घर म्हणून मीही बायकांबरोबर गाडीच्या मागे चालत होते. अजून दिवस मावळला नव्हता, पण बत्त्या पेटवल्या होत्या. तेव्हा वरातीच्या दोन्ही अंगांना डोक्यावर गॅसबत्ती घेऊन बायका चालायच्या. पोटाला चालायच्या. चुंबळ, तिच्यावर लाकडी पाट, पाटावर पेटती बत्ती, एक हात वर करून धरलेली. त्यांच्याकडे कोणी बघत नसे. खांबाकडे बघतो का आपण?

अर्ध्या उतारावर म्हैस तापली. नाकातून वाफ यायला लागली. पुढचे नाचणारे शर्ट काढून वारा घेत होते. नवरदेवाच्या मामाने बॉनेटवर थाप मारली आणि बाळाला म्हणाला, "अरे बंद कर ना यार, कुकर झालाय नुसता. इथे माणसं शिजतायत." मला ते ऐकू आलं. मग गाडीचा आवाज बंद झाला, तोही मला ऐकू आला. मी ओरडले, "बाळा, इंजिन." बँडपुढे माझा आवाज कोणाला जाणार?

गाडी हळू सरकत होती. एकदा थांबली. सुटली. पुन्हा थांबली. सुटली, आणि मग थांबली नाही. माझ्यासमोर बाळाची पाठ होती. तो सीटवरून अर्धा उठला, सगळं वजन पायावर टाकलं, हँडब्रेक ओढला. हँडब्रेकची तार जुनी, ती असून नसून सारखी. किल्ली फिरवायचं त्याला सुचलं नाही. म्हैस पळाली वगैरे नाही. माणूस चालतो त्याच्यापेक्षा थोडी जास्त चालली असेल. लोकांना वाटतं अपघात म्हणजे वेग. वेग लागत नाही. वजन पुरतं. नाचणारे बाजूला उड्या मारून सुटले, बँडवाले ढोल टाकून सुटले. उजव्या अंगाची एक बत्तीवाली होती, तिच्यामागे पाण्याच्या टाकीची भिंत. ती बत्ती टाकून पळाली असती तर सुटली असती. तिने टाकली नाही. दोन्ही हात वर करून बत्ती सांभाळत मागे सरकत गेली, भिंत लागेपर्यंत. मग गाडी भिंतीला लागली.

बत्ती फुटली नाही. कोणीतरी तिच्या हातातून काढून घेतली.

नवरदेव खाली उतरला आणि पायी हॉलवर गेला. गोरज वेळ टळली नाही. अक्षता पडल्या. जेवणंही झाली, थोडी लवकर उरकली एवढंच. मी त्यांना नावं ठेवत नाही. दुसरं काय करणार होते? मुलीकडचे रत्नागिरीहून गाडी करून आले होते.

पोलीस ठाण्यात बाळाला बाकावर बसवलं होतं. टोपी अजून डोक्यावर. हे साकीनाक्याहून धावत आले, हाताचं ग्रीसही पुसलेलं नव्हतं. मी दारात उभी होते. साहेबांनी विचारलं, गाडीला काय झालं? बाळाने मान खाली घातली. हे म्हणाले, ब्रेक मी बदलला. इंजिन बंद केलं की हा ब्रेक चालत नाही. साहेब म्हणाले, "हे ड्रायव्हरला माहीत होतं?"

हे म्हणाले, "नाही साहेब. मी त्याला सांगितलंच नाही. राहून गेलं."

बाळाने मान वर केली नाही.

मला आत जाऊ दिलं नाही. दुसऱ्या दिवशी कोठडीच्या गजांशी भेटले तेव्हा मी विचारलं, खोटं का सांगितलं? हे म्हणाले, "ज्येष्ठात त्याचं लग्न आहे. ड्रायव्हर आत गेला तर पोरीकडचे मोडतील. मला काय, माझं लग्न झालंय." मी म्हटलं, "माझंही झालंय, आणि ते तुमच्याशी." हे म्हणाले, "तू मधी बोला नको." ते मालवणीत म्हणाले.

गाड्या तपासणारा सरकारी माणूस आला. त्याने इंजिन चालू करून बघितलं, बंद करून बघितलं, गाडीखाली जाऊन नळ्या बघितल्या. म्हणाला, काम चोख आहे. म्हणजे ब्रेकचा दोष नाही, गाडीचा नाही, आणि ह्यांच्या सांगण्यावरून ड्रायव्हरचाही नाही. मग उरला तो एकच दोष, न सांगण्याचा. सगळी केस त्या एका गोष्टीवर उभी राहिली, आणि ती गोष्ट घडलेली नव्हती.

मेलेल्या बाईचं नाव हौसा. ते वस्तीत कोणाला ठाऊक नव्हतं, मी बत्त्यांच्या मुकादमाकडून काढलं. ती मानखुर्दला राहायची. मी गेले. कशाला गेले ते विचारू नका, जायला हवं होतं म्हणून गेले. खाडीच्या बाजूला झोपड्या होत्या. तिची बहीण बाहेर भांडी घासत होती. तीही बत्ती धरणारी, त्या दिवशी डाव्या अंगाला होती. मी कोण, ते सांगितलं. तिने हात थांबवला नाही.

"बत्ती टाकली का नाही तिने?" मी विचारलं.

"टाकली असती तर रॉकेल भडकलं असतं. पोरं होती पुढं नाचायला." राख घेऊन तिने पातेलं उलटं केलं. "आन मुकादम. बत्ती फुटली तर काम जातं. हाताला सवय व्हती वर ऱ्हायची. मुकादम दुसऱ्या दिशी येऊन घेऊन गेला बत्ती. त्या सांजेला मुलुंडला वरात व्हती."

"तू गेलीस?"

"न्हाई जाऊन काय करू?"

मग तिने मला विचारलं, "चूक कुणाची म्हनायची?"

"ड्रायव्हरची," मी म्हटलं.

"पोलीस म्हनत्यात मिस्त्रीची."

"पोलिसांना खोटं सांगितलंय."

"कुनी?"

"मिस्त्रीनेच."

"तुमचा कोन तो?"

"नवरा."

तिने पहिल्यांदा माझ्याकडे नीट बघितलं. मग म्हणाली, "ह्याची नाय तर त्याची. हौसाला काय त्याचं?" आणि पुन्हा भांडी घासायला लागली. मी थोडा वेळ बसले, पाणी मागितलं, प्याले आणि आले. तिचं बरोबर होतं. पण मला त्याचं काहीतरी होतं. ते मी तिच्यापुढे बोलले नाही, ती जागा नव्हती.

ज्येष्ठात बाळाचं लग्न झालं. हे जामिनावर होते, मांडवात मागे खुर्चीवर बसून राहिले. वरात काढली नाही. पुढे केस चालली, ह्यांना काही महिन्यांची शिक्षा झाली, ती भोगून आले. तुरुंगाचं मला एवढं वाटलं नाही. तिथून माणूस परत येतो. परत आल्यावर साकीनाक्याच्या शेडमध्ये जे झालं ते वाईट होतं. लोक यायचे, ऑइल बदलून घ्यायचे, पंक्चर काढून घ्यायचे, आणि ब्रेकचं काम निघालं की "बघतो" म्हणून शेजारच्या गल्लीत जायचे. ज्या माणसाने केसभर तिरक्या दांडीसाठी आधार दोनदा वेल्डिंगला नेला, त्याच्याकडे कोणी ब्रेक देईना. त्यांनी कोणाला बोल लावला नाही. वर्षभरात जागा सोडली आणि अंधेरीला एका कारखान्यावर वॉचमन लागले. म्हैस ठाण्याच्या वाटेवर पोलिसांच्या आवारात पडून होती, पावसाने सडून गेली. ती परत आणायला कोणी गेलं नाही.

बाळाचं म्हणाल तर पहिल्या वर्षी तो माझ्याकडे बघू शकत नसे. यायचा, मासळी ठेवून जायचा, चहाला थांबायचा नाही. ते मला बरं वाटायचं. त्याला माहीत आहे, हे मला दिसत होतं. मग त्याला मूल झालं, तो टॅक्सी चालवायला लागला. एकदा त्याची बायको माझ्यासमोरच शेजारणीला म्हणाली, "भावजींकडून सांगायचं राहिलं, नाहीतर आमच्या ह्यांच्या हातून असं झालंच नसतं." बाळा तिथेच होता. त्याने तिला गप्प केलं नाही. आणखी काही वैशाख गेले आणि तेच वाक्य त्याच्या तोंडून आलं. लोणचं मुरतं तसं. आधी मीठ वेगळं लागतं, कैरी वेगळी लागते. नंतर वेगळं काढता येत नाही.

पण त्याचंही मला चालवून घेता आलं असतं. माझा धक्का वेगळा होता. गिरणीतला कापूस ह्यांच्या छातीत बसलेला, शेवटची दोन वर्षं खोकण्यात गेली. एका दुपारी उशीला टेकून बसले होते, बाहेर कुठेतरी वरात चालली होती. मला म्हणाले, "त्याला सांगायला हवं होतं गं मी."

मी म्हटलं, "काय?"

"इंजिनाचं."

"अहो, सांगितलं होतंत तुम्ही. मी होते तिथे. मीच बसले होते सीटवर. त्याला बसवून दाखवलंत, त्याच्याकडून वदवून घेतलंत."

ते माझ्याकडे बघत राहिले, लहान पोराची समजूत घातल्यासारखे. "तू बायको माझी. तू असंच म्हणणार."

मी तो दिवस त्यांना पुन्हा सांगितला. कुठल्या चाकाची हवा आधी काढली, बाळा काय म्हणाला, सगळं. त्या दिवशी सांगितलं, नंतरही सांगत राहिले. त्यांना पटलं नाही. पोलिसांपुढे, वकिलापुढे, कोर्टात, तुरुंगात इतक्या वेळा ते खोटं बोलून झालं होतं की त्याच्याखालची खरी गोष्ट उरलीच नव्हती. हौसाला मीच मारलं, असं मानून ते गेले. भावासाठी घेतलेलं ओझं आहे, हे आठवत असतं तर माणसाला थोडा अभिमान तरी असतो. त्यांच्याकडे तोही राहिला नाही. नुसता दोष राहिला.

लोक म्हणतात, त्यागी माणूस होता. मला त्याग वगैरे कळत नाही. मला एवढं दिसतं की एक चोख काम करणारा माणूस स्वतःला निष्काळजी समजून मेला.

या वर्षीच्या वैशाखात बाळा पत्रिका द्यायला आला. नातीचं लग्न. केस पांढरे, गुडघे गेलेले, जिना चढून दम लागलेला. बरोबर कॉलेजात जाणारा नातू. मी सरबत केलं. खालून स्पीकरवाली वरात गेली, त्यामुळे विषय निघाला. बाळा नातवाला सांगायला लागला, ह्यांच्या फोटोकडे हात करून. "मोठे आजोबा. यांच्यासारखा मेकॅनिक साकीनाक्यात नव्हता. एकच गोष्ट सांगायची राहिली त्यांच्याकडून, आणि सगळ्याची वाट लागली. पण मी त्यांना कधी दोष दिला नाही हां. दादा होता माझा."

मी म्हटलं, "बाळा, सांगितलं होतं त्यांनी तुला."

तो हसला. गोड हसतो अजून. "वहिनी, तुझं बरोबर आहे गं. तू दादाचीच बाजू घेणार."

"तुला सीटवर बसवलं होतं. पेडल दगड झालं तेव्हा तू 'आयला' म्हणालास. मग म्हणालास, शाळा घेतोय."

नातू मोबाईल खाली ठेवून आमच्याकडे बघायला लागला. बाळाने ग्लास खाली ठेवला. मी त्याच्या डोळ्यांत बघत होते. खोटं बोलणारा माणूस कुठेतरी सापडतो. नजर हलते, हात हलतो. ह्याचं काही हललं नाही. त्याला खरंच आठवत नव्हतं. तो मनापासून आठवायचा प्रयत्न करत होता, माझ्या समाधानासाठी, आणि तिथे काही नव्हतं. मग त्याने नातवाकडे बघून डोळ्यांनीच खूण केली, की वय झालंय आजीचं.

ती खूण मी बघितली. कोणाशी बोलणार? सांगणारे गेले, ज्याला सांगितलं त्याच्यात ते उरलं नाही, आणि मी अशी साक्षीदार की जिला कोणी कधी बोलावलंच नाही.

निघताना तो वाकून पाया पडला. मी हात ठेवला डोक्यावर. माझ्याच हातची भाकरी खाऊन वाढलेलं डोकं. दारात मी विचारलं, "हॉल कुठे आहे?"

"भांडुपला. टेकडीच्या अंगाला. देवळापासून खाली वरात आणायची आहे. जुनी उघडी गाडी ठरवली आहे, पोरांची हौस."

"उतार आहे?"

"आहे थोडा. का गं वहिनी?"

"ड्रायव्हरला सांग, इंजिन बंद करायचं नाही."

"हो गं, सांगतो," तो म्हणाला, आणि कठडा धरून जिना उतरायला लागला.